फावारोबाईंचा लसूण आणि डेसचा यूट

"काल काय वाहिलंस?" टोस्टवर लोणी फासता फासता ग्लेनिसनं विचारलं.

गेले चार महिने ती रोज न्याहारीला हा प्रश्न विचारत होती आणि गेले चार महिने डेस पास्को रोज न्याहारीला वर्तमानपत्रात तोंड खुपसत होता.

"लगेच रोज रोज वाहायलाच पाहिजे असं आहे का?" तो आतून म्हणाला. "वेळ आली की कामाला येईल."

"सत्तर हजार डॉलर देऊन आपण वेळेची वाट बघतोय. बरंय."

ग्लेनिसच्या जिभेला धार होती, पण हिशेब चुकीचा नव्हता. डेसच्या नव्या यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्या उंच गाडीचा, हौदा चांगला पलंगाएवढा होता, आणि चार महिन्यांत त्यातून फक्त एक वस्तू गेली होती: कोथिंबिरीची एक कुंडी. दुकानातून घरी येईपर्यंत ती हौद्यात इतकी गडगडली, की घरी कोथिंबीर आली आणि कुंडीचे तुकडे आले. दोघांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता.

डेस विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासायचा. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे ऑफिसचा प्रिंटर, तोही दोघांनी मिळून. चौदा वर्षं त्यानं एक राखाडी सेडान चालवली आणि तिच्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. पण हळूहळू ॲडलेडच्या रस्त्यांवरच्या बाकीच्या गाड्या उंच होत गेल्या. सिग्नलला थांबलं की डावीकडे चाक, उजवीकडे चाक, आणि आरशात दात विचकलेली कुणाची तरी लोखंडी जाळी. आपण गाडीत बसलोय की कुणाच्या तरी टेबलाखाली, असं त्याला वाटायला लागलं. त्यातच समोरच्या क्रेगनं भर मेजवानीत, हातातला सॉसेज त्याच्यावर रोखून विचारलं, "अजून तीच चालवतोस, डेस? उतरताना रांगत उतरावं लागत असेल ना रे?" सगळे हसले. क्रेग घरं विकायचा. त्याच्या यूटमध्ये 'विकणे आहे'च्या पाट्या असायच्या, त्याही मागच्या सीटवर, कारण हौद्याला ओरखडे पडतात.

शोरूममधल्या माणसानं डेसला एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही गाडी कुठे कुठे नेता?"

"ऑफिसला."

"बरं. पण समजा, एक दिवस वाळवंटात जावंसं वाटलं, तर?"

त्रेपन्न वर्षांत डेसला असं कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं. सेडान तिथेच देऊन तो उंच, पांढरा, चार दारांचा यूट घेऊन घरी आला. गॅरेजमध्ये घातला, तर दीड फूट नाक बाहेर. दार लागेना. तेव्हापासून गाडी दारात पावसात भिजत होती आणि गॅरेजमध्ये फक्त कोरडी हवा होती. ग्लेनिसला आत बसायचं तर आधी एक पाय फळीवर, मग हात दांडीला, मग देवाचं नाव. "पूर्वी मी बाजारात जायचे," ती म्हणाली, "आता मोहिमेवर जाते."

आणि मग जुलैतल्या त्या सकाळी, तीन दिवसांच्या झोडपणाऱ्या पावसानंतर, गल्लीच्या टोकाला काडकन आवाज झाला.

डेस खिडकीशी धावला. शेवटच्या घरासमोरच्या निलगिरीची भलीमोठी फांदी मिसेस फावारोंच्या व्हरांड्यावर पालथी पडली होती. पायऱ्या, कठडा, दार, सगळं पानांत बुडालं होतं.

"अरे देवा," ग्लेनिस म्हणाली. "आज त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे! चौदा महिने थांबल्यात नंबरासाठी. साडेनऊला पोचायचंय."

डेसच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या खालून एक आनंद उसळ्या मारत होता, तो त्याला लपवता येईना. ओढायला फांदी! खरी, जड, ओली फांदी! त्यानं चपला सोडून बूट घातले. त्या बुटांवर अजून दुकानाची चिठ्ठी होती.

मिसेस फावारो एकोणऐंशीच्या. नवऱ्याबरोबर इटलीहून आल्या तेव्हापासून त्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतके पिकलेले, की माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या. गल्लीत सगळ्यांच्या दारी हिरवळ होती; फावारोंच्या दारी भाजीचे वाफे. चाळीस वर्षं नवऱ्यानं ती माती खणली, शेणखत घातलं, चाळली. नवरा गेल्यावर बाईंनी चालू ठेवलं. तिथे आता लसणाच्या पाती वीतभर वर आल्या होत्या, मागे कोबी, कडेला बडीशेप. माती अशी, की बोट टोचलं तर कोपरापर्यंत जावं.

"मिसेस फावारो, घाबरू नका!" डेस कुंपणातून ओरडला. "मी आलोय! डेस!"

पानांच्या आतून आवाज आला, "डेस, पोरा, मी घाबरले नाहीये. मला उशीर होतोय. मागच्या बाजूला भिंत आहे, नाहीतर मीच आले असते. वादळात पडलेली झाडं हटवणाऱ्यांना फोन केला, ते म्हणतात दुपारनंतर."

"दोन मिनिटांत ओढतो!"

त्यानं गाडीला बांधून ओढायचा पट्टा काढला. पट्टा गाडीच्या रंगाला शोभेल असा घेतला होता आणि लांबीला सहा फूट होता. रस्त्यावरून फांदीपर्यंत तो पुरणं शक्य नव्हतं. डेसनं गाडी मागे घेतली, फाटकातून आत घातली, आणि चाकं वाफ्यात गेली.

"ते कसलं वाजलं?" आतून बाईंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही."

"माझा लसूण आहे तिथे."

"कडेकडेनं घेतोय!"

पट्टा बांधला. डेसनं गाडी पुढे रेटली. फांदी जागची हलली नाही. गाडी मात्र हलली, खाली. चाकं फिरत होती आणि फावारोंची चाळीस वर्षांची माती मागे कारंज्यासारखी उडत होती. चारही चाकांना जोर देणारं एक बटण असतं, हे डेसला ठाऊक होतं. कुठलं, हे ठाऊक नव्हतं. त्यानं एक गोल बटण फिरवलं. सीट गरम झाली. दुसरं दाबलं, तेव्हा एका गोड आवाजाच्या बाईनं विचारलं, आपल्याला कुठे जायचंय?

"बाहेर!" डेस ओरडला.

आवाज ऐकून क्रेग आला. आधी तो आपल्या गाडीपाशीच उभा राहिला होता, कारण फांदीनं रंग खरवडला असता. पण डेसची गाडी अडकलेली पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"ह्या कंपनीच्या गाड्यांचं असंच होतं," तो म्हणाला. "मी आधीच सांगणार होतो. थांब, खऱ्या गाडीनं काढतो."

खरी गाडी दुसऱ्या वाफ्यात, कोबीच्या बरोब्बर मध्ये, आसापर्यंत बसली.

आता गल्लीतले बाकीचेही गोळा झाले. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर, शाळेचा मुख्याध्यापक, आणि योगाचे वर्ग घेणारा फिन, ज्याच्या हौद्यात आजवर एक गुंडाळलेली चटई गेली होती. तिघांकडेही तशीच गाडी. तशीच म्हटलेलं त्यांना आवडत नसे. कंपनी वेगळी, पुढची जाळी वेगळी, ताकद तर विचारूच नका. रंग पाचांचाही पांढरा होता, तो भाग निराळा.

"दोघांनी एकदम ओढलं तर?" मुख्याध्यापक म्हणाला.

"कोन चुकलाय तुमचा," दंतवैद्य म्हणाला. "मुळाची दिशा बघून ओढायचं असतं."

"आधी सगळ्यांनी खोल श्वास घ्या," फिन म्हणाला.

"अहो, वाजले किती?" आतून बाईंनी विचारलं.

पावणेनऊ वाजले होते. बाईंनी सांगून ठेवलेली टॅक्सी आली, अंगणातली जत्रा आणि रस्त्यात तिरपे लागलेले यूट पाहून ड्रायव्हरनं मान हलवली, आणि ती गेली. ग्लेनिस कुंपणाशी आली तेव्हा तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ रस्त्यापलीकडे गेली आणि तुयेतचं दार वाजवलं.

तुयेत लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवायची. तिच्याकडे एक जुनी, ठेंगणी सेडान होती. मागची सीट पाडून ती तिच्यात फरशांच्या पेट्या, सिमेंटची पोती, पाट्या, थाप्या आणि वेळप्रसंगी सासूसुद्धा न्यायची. ती कामाला निघालीच होती. डिकीतून तिनं हातकरवत काढली आणि चिखलातून चालत व्हरांड्याशी आली.

"काय करतेस?" डेसनं विचारलं. "ती करवत टिकायची नाही. ही फांदी दोन माणसांएवढी जाड आहे."

"मला फांदी कुठे कापायचीय?"

"मग हलवणार कशी?"

"हलवायची कशाला?" तुयेत म्हणाली. "दवाखान्यात बाईंना जायचंय. फांदीला नाही."

तुयेतनं दाराजवळच्या मनगटाएवढ्या चार डहाळ्या कापल्या. एक माणूस वाकून येईल एवढी फट झाली. सहा मिनिटं लागली. तिनं हात आत घातला आणि मिसेस फावारोंना अलगद बाहेर काढलं. बाई ठेवणीतला कोट घालून, पर्स छातीशी धरून, तयार होऊन बसल्या होत्या.

त्या पायरीवर थांबल्या. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली.

"लसणाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "फार येतोय."

डेसला आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या माणसाला दिसत नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटली. त्यानं पुढे होऊन त्यांचा कोपर धरला.

"मिसेस फावारो, वाफ्याचं थोडं नुकसान झालंय. मी भरून देईन. सगळं लावून देईन."

"तू लावणार?" बाई म्हणाल्या. "पोरा, तुझ्या कोथिंबिरीची गोष्ट मी ऐकलीय." आणि सेडानच्या सीटवर त्या, खुर्चीत बसावं तशा, सहज बसल्या. "अगं बाई, काय सोयीची गाडी आहे ही! नवीन घेतलीस का?"

साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना त्या दवाखान्यात पोचल्या.

इकडे अंगणात आता शर्यत लागली होती. बाई गेल्या, घाई संपली. पण गाड्यांची अब्रू होती. दंतवैद्यानं क्रेगला ओढायला गाडी आत घातली. ती रुतल्यावर मुख्याध्यापकानं, आपण रुतणार नाही हे सप्रमाण सिद्ध करून, आपली घातली. शेवटी फिननं डोळे मिटून गाडी घातली. अकरा वाजता पाचही पांढऱ्या गाड्या वाफ्यांत ओळीनं बसल्या होत्या, पाणवठ्यावर म्हशी बसाव्यात तशा, निवांत. क्रेनवाला आला, त्यानं खाली उतरून माती चिमटीत धरली आणि कौतुकानं म्हणाला, "वा! काय जमीन आहे! हिच्यावर माझी क्रेन आणली तर तीही इथेच राहील. परवा, जरा वाळली की येतो."

संध्याकाळी तुयेतनं मिसेस फावारोंना घरी आणलं तेव्हा त्यांच्या एका डोळ्यावर झाकण होतं आणि दुसरा आधीसारखाच दुधाळ. तिनं त्यांना कडेकडेनं, हात धरून, कापलेल्या फटीतून आत नेलं, सूप गरम करून दिलं आणि बजावलं, "झाकण उद्या सकाळी काढायचं. काही वेगळं वाटलं तर लगेच दवाखान्यात फोन करायचा. लाजायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. पाचही मालक अंगणात जमले होते. एका रात्रीत त्यांचं एकमत झालं होतं.

"टायर कमी पडले," क्रेग म्हणाला.

"गाडी आणखी दोन इंच उचलून घ्यायला हवी," मुख्याध्यापक म्हणाला.

"मी तर म्हणतो, पुढचं मोठं मॉडेलच बघावं," दंतवैद्य म्हणाला. "बायकोशी बोलतो."

डेस एकटाच गुडघ्यांवर बसून चाकाखालून लसणाच्या पाती एकेक करून सरळ करत होता.

घरात मिसेस फावारोंनी झाकण काढलं. आधी त्यांना स्वतःचा हात दिसला आणि त्यावरच्या सुरकुत्या पाहून त्या दचकल्या. मग पडद्यावरची फुलं दिसली. ती निळी होती, त्या इतकी वर्षं करडी समजत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खिडकीशी गेल्या, पानांमधून बाहेर पाहिलं, आणि दवाखान्याचा फोन फिरवला.

"सिस्टर, मी फावारो. कालची. ऑपरेशन फसलं हो माझं."

"काय होतंय? दुखतंय? अंधार वाटतोय?"

"नाही, लख्ख दिसतंय. पण एकाचे पाच दिसतायत."

"पाच?" सिस्टरचा आवाज बदलला. "नीट सांगा. समोर काय आहे?"

"पांढरी गाडी. उंच, मागे हौदा असलेली. एक, आणि मग तीच, तीच, तीच, तीच. शेजारी एक माणूस कमरेवर हात ठेवून टायरकडे बघतोय, तोही चारदा. आणि एक खाली बसलाय."

"मिसेस फावारो, मागच्या बाजूचे नंबर वाचता येतायत?"

बाईंनी कपाळ काचेला टेकवलं आणि पाचही नंबर सावकाश, एकेक अक्षर करून वाचले.

"पाचही वेगळे आहेत ना?"

"अगं हो! वेगळे आहेत!"

"मग ऑपरेशन उत्तम झालंय," सिस्टर म्हणाली. "निर्धास्त राहा. आमच्या गल्लीत नऊ आहेत."