खांबाआडचे जोगकाका

आमच्या शेजारचे जोगकाका बँकेत शिरले की आधी खांब शोधतात. माणसं टोकनचं मशीन शोधतात, निदान बसायला खुर्ची तरी शोधतात. काका खांबाआड उभे राहतात आणि काउंटरवरच्या माणसाची नजर कुठे वळते त्यावर पाळत ठेवतात. खुर्चीचं त्यांना वावडंच आहे. चहासुद्धा ते आमच्या दारात उभ्याने पितात, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. आणि वर आपल्यालाच विचारतात, "घाई कुणाला आहे?"

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण अकरावीत असताना मी त्यांच्याबरोबर कोथरूडमधल्या बँका पालथ्या घातल्या.

झालं असं, की एका चित्रकला स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. सोमवारी पत्र आलं: रक्कम विजेत्याच्या स्वतःच्या नावच्या खात्यातच जमा होईल. शुक्रवारपर्यंत खात्याचा तपशील कळवावा, अन्यथा बक्षीस पुढच्या क्रमांकाला जाईल. त्या पैशांतून मी सुट्टीतला गिर्यारोहणाचा कोर्स करणार होते. आई-बाबांनी "पैसे तुझे, हौस तुझी" असं आधीच सांगून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच होता, की मला खातंच नव्हतं.

"उद्या माझ्या बँकेत उघडू," बाबा म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

काका दारात चहा पीत होते. "सही कुणाची चालणार?"

"माझी. पालक म्हणून. ती अठराची होईपर्यंत."

"म्हणजे नाव तिचं आणि खातं तुमचं," काका म्हणाले. "मुलांना स्वतःच्या सहीनं चालवता येतील अशीही खाती असतात. शोधायला हवं."

मला ते फार पटलं. सोळाव्या वर्षी असलं काहीही पटतं. बाबांनी खांदे उडवले आणि शुक्रवारच्या बोलीवर परवानगी दिली.

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटला की काका गेटवर हजर. हातात पिशवी, पिशवीत माझा जन्मदाखला, आधारकार्ड, फोटो आणि बँकांचे गुण लिहायला एक जुनी लग्नपत्रिका, पाठकोरी. "काय खातेदार, निघायचं का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ते चालू लागत. मी जवळजवळ पळत मागे.

त्यांची परीक्षा एकाच प्रश्नाची होती. मी काउंटरवर एकटीनं जायचं आणि विचारायचं, "मी सोळा वर्षांची आहे. माझ्या सहीनं चालणारं बचत खातं मिळेल का?" उत्तर देणारा माझ्याकडे बघून बोलला तर पास. व्याज, एटीएम कार्ड, कमीत कमी शिल्लक वगैरे चौकशा त्यानंतर.

पहिल्या बँकेत मान वर न करता उत्तर आलं, "पप्पांना घेऊन ये, बाळ." नापास. दुसरीत एका बाईंनी मला अस्वलाचं चित्र असलेलं माहितीपत्रक दिलं. शिल्लक कमी झाली तर दंड किती, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते मोठ्यांना कळतं." काकांनी त्या बँकेला पत्रिकेवर शून्य दिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिसऱ्या बँकेतला माणूस माझ्याशी छान बोलत होता. तेवढ्यात त्याला खांबाआडून डोकावणारा चष्मा दिसला आणि तो पुढचं सगळं खांबालाच सांगू लागला.

"मी इथे नाही," खांबाआडून आवाज आला.

चौथ्या बँकेत सुरक्षारक्षकानं काकांना धरलं. "काका, मगापासून त्या मुलीवर नजर ठेवून आहात. काय भानगड आहे?"

"निरीक्षण करतोय," काका म्हणाले. अशा वेळी देऊ नये असं हे उत्तर आहे.

आमची वरात मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. हे आमचे शेजारी आहेत, हे मी परोपरीनं सांगितलं. बाहेर आल्यावर काका चिडलेले होते, पण वेगळ्याच कारणानं. "बघितलंस? तुझ्याबद्दलचे प्रश्न, आणि विचारत मला होता. नापास."

गुरुवारी पाचवी बँकही नापास झाली आणि माझा बांध फुटला. "काका, उद्या शुक्रवार आहे. मला खातं उघडायचंय, बँकेशी लग्न नाही करायचं."

"घाई कुणाला आहे?" म्हणत ते सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडून गेले.

संध्याकाळी बाबा भडकले. त्यांचंही बरोबर होतं. "पुरे झाला हा खेळ. उद्या सकाळी माझ्या बँकेत. जोगसाहेब, मी काय माझ्या मुलीचे पैसे खाणार आहे?"

काका दारातच होते. "तुम्ही नाही खाणार," ते म्हणाले. "मी खाल्ले होते."

कप चपलांच्या कपाटावर ठेवून ते घरी गेले. बाबांनी तो कप उचलून आत नेऊन ठेवला. मग मला म्हणाले, "आणखी एखादी बँक राहिलीय का?"

शुक्रवारी बाबांनी अर्धी रजा टाकली. सहाव्या बँकेतल्या बाईंनी आधी माझं नाव विचारलं, मग पैसे कशासाठी हवेत ते विचारलं, आणि सगळे नियम मला समजावून सांगितले. कार्डाला मर्यादा असेल, पण सही माझी चालेल. बाबांची सही फक्त अर्जावर. बाबांनी ती केली आणि ते मुद्दाम दोन पावलं मागे सरकले. काका आत आलेच नव्हते. ते फुटपाथवर येरझारा घालत होते.

दुपारी खाते क्रमांक कळवून झाला. बाबा ऑफिसला गेले आणि आम्ही दोघं चालत घरी निघालो.

"तुझे पैसे बाबांनी घेतले असते तर काय केलं असतंस?" काकांनी विचारलं.

"भांडले असते. अबोला धरला असता. परत मागितले असते."

"मुग्धा भांडली नाही." मुग्धाताई म्हणजे त्यांची मुलगी, बंगळुरूला असते. "तिनं वाजवायच्या पेटीसाठी पैसे साठवले होते. भाऊबीज, बक्षिसं, सगळं. सही माझी होती. मी काढले आणि स्कूटर घेतली. तिलाच क्लासला सोडायला म्हणून. तिनं पासबुक बघितलं आणि म्हणाली, असू दे बाबा. पुढे मी पेटी आणली, तर म्हणाली, आता असू दे. दिवाळीला ये म्हटलं की तेच. मी येऊ का तिकडे, म्हटलं तरी तेच."

आठवडाभर ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्याबद्दल मला एकदम भरून आलं. आणि न भांडलेल्या मुग्धाताईबद्दलही.

"मग तुम्ही भांडा," मी म्हटलं. "असू दे म्हणाली की म्हणायचं, नाही असू देणार."

काकांनी खिशातून फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. "आत्ता ऑफिसात असेल ती."

सोसायटीच्या गेटपर्यंत त्यांनी तो तीनदा काढला आणि तीनदा ठेवला. मी घरी गेले नाही. त्यांच्याबरोबर सोसायटीला एक चक्कर मारायला निघाले.