चाळीस बिंदूंचा किनारा

मालवण बाजारात सबीना फर्नांडिसचं छोटं दुकान आहे. एरवी ती लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करते. यंदा तिला जिल्ह्याच्या किनाऱ्याचा अधिकृत पर्यटन नकाशा काढायचं काम मिळालं. विजयदुर्गापासून खाली एकेक खाडी, एकेक खडप तिने कॉम्प्युटरवर गिरवलं. वळण आलं की बिंदू ठेवायचा, बिंदूच्या दोन्ही दांड्या ओढायच्या आणि रेषा हवी तशी वाकवायची. एकोणीस दिवसांत सहाशे बारा बिंदू झाले.

किनारा सुशोभन कक्षाचे प्रमुख सर्वेश परुळेकर यांनी नकाशा गांभीर्याने न्याहाळला.

"किनारा फार वाकडा आहे."

"तो तसोच आसा... म्हणजे, तसाच आहे, सर."

"असेल. पण शासकीय किनारा प्रवाही हवा. चाळीस बिंदूंत बसवा."

"बिंदू काढले की वळणं सपाट होतात, सर."

"उत्तम!"

सबीनाने बिंदू काढले. किनारा इतका देखणा झाला, की परुळेकरांनी त्यावर तत्काळ सही केली. समुद्रात शिरलेल्या टोकावर वसलेली वाकणवाडी मात्र रेषेच्या पलीकडे राहिली. बेचाळीस घरं, एक देऊळ आणि एक अंगणवाडी नकाशात अरबी समुद्रात गेली.

आठवड्याने वाडीची वीज तोडली गेली. पाण्याखाली वीजपुरवठा धोकादायक असतो, असं नोटिशीत काळजीपूर्वक नमूद केलं होतं. शीतपेटी बंद पडून सत्यवान तांडेलचा सुरमई-बांगडा कुजला. तो तडक कक्षात गेला.

"आपली वाडी बुडालेली आहे," कारकून म्हणाला.

"साहेबानू, मी समुद्रात ऱ्हवतंय, तर माझे कपडे सुके कशे?"

"कपडे आमच्या कक्षाकडे येत नाहीत."

तरीही तक्रारीची दखल घेतली गेली. दुसऱ्याच दिवशी बचाव पथक जीपने वाडीत पोहोचलं. सत्यवानची बायको शेवंती अंगणात सुकट वाळत घालत होती. पथकाने तिला जीवरक्षक जाकीट घातलं, फोटो काढला, आणि 'वाचलेल्या व्यक्ती : एक' अशी नोंद करून ते जीपनेच परतलं.

सत्यवान सबीनाच्या दुकानात आला. ऐकता ऐकता सबीनाचा चेहरा उतरला. तिने नकाशा उघडला, टोकावर एक बिंदू ठेवला, दांडी ओढली. वाकणवाडी पाण्याबाहेर आली.

"एवढाच?" सत्यवान म्हणाला. "दोन मिनटांचा काम?"

"माझा दोन मिनटांचा, काका. सही साहेबांची होयी."

दोघं परुळेकरांकडे गेली. साहेब सहृदय होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बिंदू अवश्य घाला. फक्त एकूण चाळीसच मंजूर आहेत. तेव्हा दुसरीकडचा एक काढा."

"म्हणजे दुसरी वाडी बुडवायची?" सबीनाने विचारलं.

"वाडी कोण बुडवतंय? बिंदू काढायचा आहे."

सबीना उठली. "मी नाही काढणार. सहाशे बारा परत घाला, नाहीतर नकाशावरून माझं नाव काढा." साहेबांनी तिचं नाव काढलं. ते काढायला मंजुरी लागली नाही.

बाहेर व्हरांड्यात ती सत्यवानला म्हणाली, "काका, आपण सगळ्या वाड्यांका एकत्र करूया. सगळीच माणसां इली, तर चाळीसाची अट काढूकच लागतली."

सत्यवानने मान डोलावली. मग घसा खाकरला.

"ता करूयाच गो. पण तवसर... ती पलीकडची पुळणवाडी काढली तर? थंयचे लोक पाण्यात तसे चांगले पोवतत."

सबीना निघून गेली. सत्यवान आत गेला.

तेव्हापासून कक्षाबाहेर रांग असते. पुळणवाडीवाले दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी शेजारचं गाव सुचवलं. ते गाव तिसऱ्या दिवशी आलं. चाळीसच का, हे साहेबांना अजून कोणी विचारलेलं नाही. सुचवण्यासाठी आता छापील अर्ज मिळतो, आणि काम फार शिस्तीत चालतं. काल मीही एक अर्ज भरून आलो.

तुमचं गाव कुठलं म्हणालात?