डोशावरचा गुलाल

त्या वर्षात अंबादासनं जन्मात पहिल्यांदा चाखलेले हॉटेलातले पदार्थ एकूण पाच : मिसळ, आम्लेट, फालुदा, बटाटेवडा आणि मसाला डोसा. मिसळीनं डोळ्यांतून पाणी काढलं, आम्लेटापायी आठवडाभर देवघरासमोर उभं राहायची चोरी झाली, फालुद्यानं दात शिवशिवले, वडा बरा होता. डोसा मात्र या यादीत धरूच नये, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. डोसा खाल्ल्यावर तो रंकाळ्यावर जाऊन दोन तास नुसता पाण्याकडं बघत बसला होता!

अंबादास बी. एस्सी. झालेला, शाळेत शास्त्र शिकवणारा. पाहिलं ते नीट मोजून सांगायचं, ही त्याची खोड. लग्नाला वर्ष झालेलं. संध्याकाळी नंदिनी मागल्या अंगणात तांदूळ निवडायला बसली, की तो पायरीवर बसून डोशाचं वर्णन करी.

"सोनेरी असतो. पण सगळीकडं सारखा नव्हे. मधे फिकट, कडेला गडद. उन्हं उतरताना रंकाळ्यावर असतं ना पाणी, तसा."

"मग?" नंदिनीचे हात सुपातच थांबत.

"मग कड मोडायची. कुर्रर्र! आत वाफ कोंडलेली असते. ती आधी नाकाशी येते. बटाटा नंतर."

नंदिनी डोळे मिटून घेई. ती पेठ वडगावची. बाजारच्या दिवशी भजी खाल्लेली, तीही पुडीतली, घरी आणून. "लांब किती असतोय?"

"दीड फूट!"

"काय तरीच! दीड फुटाचा घास करतंय व्हय कुणी?"

"तुझ्यासमोर पट्टी लावून दाखवीन. शब्द दिला!"

या वर्णनांचा एक परिणाम असा, की डोशाचा विषय निघालेल्या दिवशी सुपातले खडे सुपातच राहत आणि रात्री तात्यांच्या दाताखाली येत.

"तांदूळ निवडता का गोटे वेचून घालता?" तात्या गाल धरून गरजत.

तात्या म्हणजे अंबादासचे वडील, संस्थानच्या दप्तरातून निवृत्त झालेले. घरात त्यांचा एकच कायदा होता, पण तो दगडावर कोरल्यासारखा. "हाटेलचं पाणीसुद्धा ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय! आन् घरची बाईमाणसं हाटेलात? मी हाय तवर न्हाय!"

आता नंदिनीला डोसा द्यायचा कसा? गरम खायचा म्हणजे तिला हॉटेलातच न्यायला हवं. अंबादासनं आठ दिवस विचार केला आणि माघ महिना लागताच त्याला उत्तर सापडलं. माघातल्या रविवारी कोल्हापुरातली निम्मी माणसं अनवाणी चालत जोतिबाचा डोंगर गाठतात. हे खेटे तात्यांनी जन्मात चुकवले नव्हते. पहाटे जायचे, दुपारी गुलालात न्हाऊन यायचे.

"आपण त्यांच्या मागून निघायचं," अंबादास कुजबुजला. "डोंगरावर गर्दी इतकी, की चुकामूक झाली म्हटलं तर कोण नाही म्हणणार? टांगा करून थेट हॉटेल. फॅमिली रूममध्ये पडदा असतो. खाऊन झालं की तिथंच अंगावर गुलाल टाकायचा, पदरात खोबऱ्याच्या वाट्या बांधायच्या, आणि घर! यात चूक होण्याची शक्यता शून्य!"

"देवाच्या नावानं खोटं..." नंदिनी चाचरली.

"कडा जाळीदार असतात," अंबादास म्हणाला.

नंदिनी तयार झाली.

रविवारी तात्या अंधारातच गेले. थोड्या वेळानं दोघंही चपला न घालता बाहेर पडली. "आई, आम्ही पण खेट्याला जातो."

"जावा की," बाळाबाई म्हणाल्या. "सांभाळून. वाटंत खडे लई असत्यात."

हॉटेलातली फॅमिली रूम म्हणजे लाकडी फळ्यांनी पाडलेले दोन खण. फळ्या पुरुषभर उंचीच्या. वर सगळं मोकळं आणि दोन्ही खणांवर मिळून एकच पंखा. शेजारच्या खणाचा पडदा ओढलेला होता. वेटर केरबा डोशाची मागणी घेऊन गेला तेवढ्यात अंबादासनं गुलालाचा पुडा टेबलावर उघडला. डोंगरावरून येणाऱ्या माणसाच्या कपाळावर किती, केसांत किती, खांद्यावर किती असतो, याचं त्यानं आदल्या रविवारी निरीक्षण केलं होतं. त्या प्रमाणात तो कागदावर ढीग घालू लागला.

डोसे आले.

 ताटाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला तो डोसा नंदिनी नुसती बघत राहिली. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं आणि डोशाची वाफ त्या उन्हात सावकाश वर चालली होती. तिच्या चेहऱ्यावर असा भाव अंबादासनं लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही पाहिला नव्हता! त्याला जरा वाईटही वाटलं.

"पट्टी लावतो," तो म्हणाला.

"थांबा की. आधी बघू द्या."

केरबानं तिच्या कपाळावरचा घाम पाहिला. घरंदाज बाई, पहिल्यांदा आलेली. हॉटेलची अब्रू होती! "वहिनी, उकडतंय व्हय?" असं म्हणून त्यानं पंख्याचं बटण दाबलं.

अंबादासनं सगळ्याचा विचार केला होता. पंख्याचा केला नव्हता.

गुलाल आधी नुसता थरथरला. मग झोपेतून उठल्यासारखा आळस देत वर आला. मग एकदम छतापर्यंत! उन्हाचा पट्टा गुलाबी झाला, भिंती गुलाबी झाल्या. क्षणभर सगळं हॉटेल ढगात तरंगत असल्यासारखं दिसलं. तो ढग फळीवरून सावकाश कलला आणि शेजारच्या खणात उतरला.

कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यावर गुलाल पडला, की त्याच्या तोंडाला त्याची परवानगी लागत नाही. शेजारच्या खणातून खणखणीत आवाज उठला :

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

"चांगभलं!" बाहेरच्या टेबलांवरून चाळीस माणसं, तोंडातल्या घासासकट, गरजली.

अंबादासच्या हातातली पट्टी गळून पडली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच आवाजात रोज रात्री तांदळातल्या खड्यांचा उद्धार होई.

"तात्या?" त्यानं फळीला तोंड लावून विचारलं.

पलीकडं खुर्ची करकरली. मग उत्तर आलं, "कोण तात्या?"

अंबादासनं पडदा सरकवला. तात्या बसले होते. टोपी गुलाबी, मिशा गुलाबी, हातात डोशाचा तुकडा, शेजारी गुलालाचा न फोडलेला पुडा.

"तू हितं काय करतोयस?" तात्यांनी दरडावलं.

"खेटा."

"कसला खेटा?"

"तुमचाच, तात्या."

तात्यांनी तुकडा खाली ठेवला. आवाज एकदम उतरला. "गुडघा धरलाय रं माझा. गेल्या माघात निम्म्या वाटंत बसलो. एवढी वर्सं चाललो, आता घरात कुठल्या तोंडानं सांगू?"

"पण डोसा?"

"कुठंतरी बसाय तर पायजे! आन् नुसतं बसू देत न्हाईत ह्ये लोक!"

तेवढ्यात फळीपलीकडून बारीक आवाज आला, "माझा डोसा..."

दोघं धावले. डोसा हळदीतल्या नवरीसारखा माखला होता, फक्त गुलाबी! नंदिनीनं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"दुसरा आणतो की वहिनी!" केरबा ओरडला. पण आतून त्याहून मोठी आरोळी आली, "डोशाचं पीठ लाल झालंय! आज डोसा बंद! कुणी उधळला रं?"

तिघांनी टांगा गाठला.

वाटेत रंकाळ्यावर दुपार होईपर्यंत थांबले, तिथं तह झाला. तिघांची डोंगरावर भेट झाली, दर्शन छान झालं, यापुढं हॉटेलबद्दल कुणी काही बोलायचं नाही. गुलाल तर काय, अस्सल!

बाळाबाई दारातच उभ्या होत्या. खेट्याहून आलेल्याच्या पायांवर ऊन पाणी घालायचं, हा घरचा रिवाज. त्यांनी तात्यांच्या पायांवर तांब्या ओतला. मग अंबादासच्या. मग नंदिनीच्या. पाणी फरशीवरून तुळशीकडं वाहत गेलं. अंबादास त्याच्याकडं बघत राहिला. बारा मैलांच्या मातीचं पाणी गढूळ हवं. हे पिण्याजोगं होतं!

"तुमचं पाय गेल्या माघापासनं असंच निघत्यात," बाळाबाई तात्यांना म्हणाल्या. "मी म्हटलं, देवच उचलून नेत असंल. आता पोरास्नीबी न्यायला लागला व्हय? आन् देवाच्या अंगाला चटणीचा वास कसा गं, नंदिनी?"

नंदिनीला रडूच फुटलं. "मी न्हाई खाल्ला, आत्याबाई! सगळा गुलालात गेला."

"काय गेला?"

"डोसा."

"कसा असतोय त्यो?"

नंदिनीनं पदरानं डोळे पुसले आणि मिटले. "सोनेरी असतोय. मधे फिकट, कडेला गडद. उन्हं उतरताना रंकाळ्याचं पाणी दिसतंय, तसा. कड मोडली की आधी वाफ येती..."

बाळाबाईंच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी उंबऱ्यावर सांडत राहिलं. त्यांचंही भान हरपलं होतं. बऱ्याच वेळानं त्या भानावर आल्या.

"देवाचे दोन खेटे राहिल्यात, एक बापाचा, एक लेकाचा," त्या म्हणाल्या. "ह्यांचा गुडघा दुखतोय. दोन्ही अंबादास चालंल."

"दोन्ही?" अंबादास किंचाळला.

"आन् तुम्ही," त्यांनी तात्यांकडं पाहिलं, "घरात बसून तांदूळ निवडा. मी आन् नंदिनी जरा बाहेर जाऊन येतो."

"कुठं?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही जाता तितंच."

तात्यांनी आपल्या कायद्याची आठवण करून द्यायला तोंड उघडलं. मिशीतला गुलाल त्यात गेला आणि ते नुसतेच खोकले.

पुढल्या रविवारी अंबादास मध्यरात्रीच निघून अनवाणी डोंगर चढून आला आणि उंबऱ्याला पाय लावून, तात्यांच्या नावानं, पुन्हा निघाला. तात्या अंगणात सूप घेऊन बसले. नंदिनी टांग्यात चढली, तेव्हा तिच्या पिशवीत अंबादासची पट्टी होती.

त्या रात्री चौघं जेवायला बसली. डोसा : साडेसतरा इंच. अंबादासच्या पायांना फोड : नऊ. भातात खडे : अकरा.