पोत्यावरची ओळ

“सूनबाई, पोत्यावरच्या सामानाला हात लावू नका बरं का. पोरीलाबी लांब ठेवा,” भगवानकाकांनी जाताना दोनदा बजावलं होतं. मी दोन्ही वेळा “हो हो” म्हणाले आणि त्यातलं पोरीचं तेवढं लक्षात ठेवलं.

पाटोद्यात आमचं सरकी-पेंडीचं दुकान. माल पोचवायला सासऱ्यांची, महारुद्रअप्पांची, जुनी पिकअप. तिच्या गिअरबॉक्समधून तेल इतकं गळायचं की उभी असली की तिच्याखाली घमेलं ठेवावं लागे. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याआधी तिचा दुसरा गिअरही चढावर सुटायला लागला, तेव्हा अप्पांनी काकांना बोलावलं.

काका सत्तरीला टेकलेले मेकॅनिक. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोटांना सगळं कळायचं. त्यांनी आमच्या अंगणात पोतं अंथरलं, गिअरबॉक्स उघडला आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेले. जोडताना उजवीकडून उचलत यायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. तेल गळू नये म्हणून त्यांनी माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मागून घेतल्या आणि हातोडीने हलकं ठोकत त्यांची पॅकिंग कापली.

“कागद लई जाड हाय, सूनबाई. अप्पानं आयुष्यात एकदाच हात सैल सोडलता.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, हत्यार उचलायचं नाही. काका आपले पाने-पकडी पूजेसाठी घरी घेऊन गेले, सामान पोत्यावर तसंच राहिलं.

त्या सामानात लिमलेटच्या गोळ्यांएवढे चकचकीत छर्रे होते आणि माझी शिवानी चौदा महिन्यांची होती. समोर येईल ते तोंडात घालायची. ती रांगत पोत्याकडे निघालेली पाहिली. मी सगळं सामान परातीत भरून ओट्यावर ठेवलं. हात काळे झालेच होते, म्हणून सोड्याच्या पाण्याने धुऊनही काढलं. सासूबाई म्हणाल्या, “धुतलंच हायस तर पूजेला ठेव. लोखंडच हाय की.” मग प्रत्येक चाकाला हळद-कुंकू लागलं, वर झेंडूची फुलं आली. संध्याकाळी मी सगळं पुसून पोत्यावर परत मांडलं, लहानापासून मोठ्यापर्यंत. इतकी सुबक ओळ काकांनीही लावली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी काका पोत्याजवळ बसले. बोटं ओळीवरून फिरली आणि थांबली.

“सूनबाई, कुणी हात लावलता का ह्याला?”

शेजारी अप्पा नारळ घेऊन उभे होते. अप्पांचा राग साऱ्या गल्लीला माहीत.

“नाही, काका.”

“मंग मीच इसरलो आसंन,” असं म्हणून त्यांनी जोडायला घेतलं. स्वतःच्या बोटांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच मुहूर्तावर समोर, रस्त्यापलीकडे, काकांच्याच हाताखाली शिकलेल्या संगमेश्वरच्या नव्या गॅरेजचं उद्घाटन होतं. मांडव, लाऊडस्पीकर, काचेची केबिन, अर्धा गाव गोळा. अंगणाला वळसा घालून त्यांच्यासमोरून ऐटीत जायचं म्हणून अप्पांनी रस्त्याकडे पाठ करून उभ्या पिकअपला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पहिला गिअर टाकला. गाडी मागे निघाली.

“अप्पा, मागं! मागं बघा!” मांडवातले लोक ओरडले.

“अरे, पहिलाच टाकलाय बे!” अप्पांनी पाय आणखी दाबला.

पिकअप रस्ता ओलांडून मांडवात शिरली, कनात अंगावर पांघरून पेढ्यांच्या टेबलाशी थांबली. कुणाला लागलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, “पाठ दाखवत का हुईना, पर अप्पा आले!” आणि मांडव हसायला लागला. संगमेश्वरने माइकवरूनच विचारलं, “काका, गाडीचं तोंड कुनीकडं आसतंय, ते इसरलात का?”

काकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, गिअरबॉक्स पुन्हा उघडला. एक चाक बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेलं. दात्यांच्या खाचेत कुंकू होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडेवरच्या शिवानीकडे पाहिलं. मग चिंधीने ते चाक पुसलं, सावकाश, अगदी तळापासून.

“भगवान, काय केलंस हे?” अप्पा ओरडले.

“चूक माझीच, अप्पा. वय झालं.”

मी शिवानीला घेऊन मागच्या मागे घरी वळले.

काकांनी तासाभरात सगळं आठवणीतून नीट बसवलं. त्यानंतर दुसरा गिअर कधी सुटला नाही आणि घमेल्यात थेंब पडला नाही. पण कोरडं घमेलं बघायला कुणी आलं नव्हतं. स्टँडवरचे लोक काका दिसले की चार पावलं उलटी चालून दाखवायचे. संक्रांतीपर्यंत त्यांच्याकडे एकही गाडी आली नाही.

ते लेकीकडे तलवाड्याला निघाले, त्या दिवशी मी शिवानीला घेऊन त्यांना स्टँडवर गाठलं.

“काका, ते सामान मी...”

“ठावं हाय. कुंकू त्या गिअरला लई शोभत व्हतं,” ते हसले.

“मग बोलला का नाहीत?”

“कावून बोलू? तुमाला त्या घरात नांदायचंय. माझं काय, दोन दिवस हसत्याल न् इसरत्याल.” पिशवीतल्या पान्यांचा खणखणाट करत ते एसटीत चढले.

लोक विसरले नाहीत. अप्पांना मी अजून सांगितलेलं नाही; ते बाजारभावापलीकडे काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. या दोन वर्षांत तलवाड्याला मी दोन पत्रं टाकली, पण काकांना वाचता येत नाही, आणि लेकीने वाचून दाखवली की नाही, कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडून जाणार असाल, तर भगवानकाकांची एकदा चौकशी करा. जेवतात का, दिसतं का, बघा. आणि गाडीत काही बिघाड नसला तरी त्यांच्या दारासमोर बॉनेट उघडून थोडा वेळ उभे राहा.