दुमिंग सरांचे चोवीस अंश

दुधी घेताना माणूस नख लावून बघतो, फार तर हातात तोलून बघतो. दुमिंग सर दुधी आडवा धरतात, एक डोळा मिटतात आणि नेम धरल्यासारखे त्याच्या पोटाखालून पाहत राहतात. वसईतल्या माणिकपूरच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. भाजीवाली कंटाळून म्हणाली, "सर, भाजी करायचीय का लग्न लावायचंय त्याचं?" सरांनी दुधी खाली ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या मला, ओळखदेख नसताना, सांगितलं, "वरचं सगळेच बघतात. तळ बघा, तळ. हा साठच्या पुढे गेला की उलटणार."

साठच्या पुढे म्हणजे ताशी साठ किलोमीटर, हे मला घरी पोचेपर्यंत समजलं, कारण सर माझ्याच रिक्षात बसले. ते उमेळ्याचे, आणि मीही उमेळ्यातच राहतो. फरक इतकाच की ते तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत आणि मी दुसऱ्या मजल्यावर आहे. आमची इमारत त्यांच्या शेजारच्या वाडीत उभी राहिली. मी मूळचा कराडचा, विम्याच्या कचेरीत नोकरी करणारा. समुद्राचा आणि माझा संबंध मिठापुरता.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक बागेत लक्ष घालतात. सरांनी बागेत बोट घातली. होडी नव्हे. खुल्या समुद्रात जी लाटा कापत सुसाट जाते, जिचं नाक लांब आणि काच मागे झुकलेली असते, तसली बोट. माझ्या खिडकीतून ती आंब्याखाली ओंडक्यांवर पालथी घातलेली दिसते. पालथी, कारण बोटीचा तळ आधी बांधतात. सरांच्या पत्नी कात्रीनबाई होत्या तोवर त्या तिच्यावर गोधड्या वाळत घालायच्या. उतार चांगला आहे, पाणी लवकर निथळतं, हे त्यांचं बोटीबद्दलचं एकमेव मत मी ऐकलेलं आहे.

बोटीचे नमुने सर दुधीचे करायचे. दुधी उभा चिरायचा, तळ कोरायचा, त्यावर खिळे ठोकायचे आणि वाडीतल्या बावखलात सोडायचा. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. दुधीला दोरी, दोरीचं दुसरं टोक स्कूटरला, आणि सर स्कूटरवर काठाकाठाने भरधाव. काठ संपतो हे त्यांच्या दोनदा लक्षात राहिलं नाही. दोन्ही वेळा दुधी तरंगला आणि स्कूटर बुडाली. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर सरांनी आधी दुधी तपासला. त्या काळात त्यांच्याकडे रोज संध्याकाळी दुधीच असायचा, आणि कात्रीनबाई वाढताना शांतपणे सांगायच्या की आजची बोट जरा निबर निघाली.

सरांचं शास्त्र मला इतकं ऐकावं लागलं आहे की आता मीही शिकवू शकेन. सपाट तळाची बोट जोरात पळते, पण लाटेवर आपटते. तळ इंग्रजी व्हीसारखा खोल केला तर ती लाट चिरत जाते, आपटत नाही, पण वेग घटतो. तळाच्या बाजू किती तिरक्या, ते अंशांत मोजतात. सरांची बोट सोळा अंशांवर सुरू झाली. पुढे अठरा, वीस, बावीस करत चोवीसवर आली. म्हणजे जगातली सर्वांत वेगवान बोट बांधायला निघालेला हा गृहस्थ दरवर्षी ती थोडी हळू करत होता. हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं. सर म्हणाले, "तुम्ही कराडचे."

भाईंदरला जाणारी फेरी सुरू झाली तेव्हा सगळी वसई हौसेने गाड्या घेऊन धावली. सर जेटीवर गेले, वाकून फेरीबोटीचा तळ पाहिला आणि परत आले. "ताट आहे," म्हणाले.

त्यांचा आणखी एक नाद होता. कात्रीनबाईंना घेऊन रिक्षाने माणिकपूरला जायचं, तसंच परत यायचं, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला वहीत काहीतरी टिपायचं. रिक्षावाल्यांचा समज झाला की सर खड्ड्यांविरुद्ध मोठा अर्ज करणार आहेत. एकाने तर बिनपैशांनी नेलं आणि आपल्या गल्लीतले दोन खड्डे तेवढे यादीत घ्या म्हणून गळ घातली. सरांनी ते खड्डेही टिपले. अर्ज मात्र कधी गेला नाही. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, काहीतरी मोजल्याशिवाय त्याचा दिवस जात नसेल.

एवढ्या वेगाने जायचं कुठे, असं विचारलं तर सर म्हणायचे, "उत्तनला. मिस्साला." मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना. कात्रीनबाईंचं माहेर उत्तनचं. वसईच्या बंदरावर उभं राहिलं की खाडीपलीकडे समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर हायवेवरून भलामोठा वळसा. माहेरच्या चर्चच्या सणाला त्या दरवर्षी जायच्या. मग त्यांची पाठ धरली आणि जाणं सुटलं. सणाच्या सकाळी त्या बंदरावर जाऊन नुसत्या समोर बघत बसायच्या. सर म्हणत, माझी बोट पाण्यात पडू दे, दहा मिनिटांत पोचवतो. मी हे ऐकून हसायचो. दहा मिनिटांच्या मिस्साप्रवासासाठी एवढं यंत्र म्हणजे डास मारायला तोफ, असं मी बोललोही होतो. आज त्याची लाज वाटते.

कात्रीनबाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. बोट पूर्ण व्हायच्या आतच त्या गेल्या. सर महिनाभर बोटीकडे फिरकले नाहीत, आणि मग एके सकाळी पुन्हा तळ घासायला लागले. कुणासाठी, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. मी एवढंच केलं की त्यांच्या नकाशांचे फोटो काढून मुंबईच्या एका वेगवान बोटी बांधणाऱ्या कंपनीला पाठवले. इंजिन आणणं सरांच्या आवाक्यातलं नव्हतं. कुणीतरी ती बोट बांधावी आणि या माणसाने आपला तळ एकदा तरी पाण्याला लागलेला बघावा, असं मला मनापासून वाटत होतं. सरांनाही आयुष्यात आता तेवढंच हवं होतं.

आणि कंपनीचा माणूस खरंच आला. पांढरे बूट घालून वाडीत आला, हे सोडलं तर समजूतदार होता. बोटीभोवती तीन फेऱ्या मारल्या, नकाशे पाहिले, आणि म्हणाला की ही आम्ही बांधू, तुमच्या नावाने बांधू, पहिल्यांदा पाण्यात जाईल तेव्हा सुकाणूवर तुम्हीच असाल. मी चहा आणायला सांगितला, तो आणायला आता घरात कुणी नाही हे लक्षात येऊन मीच उठलो.

चहा घेऊन आलो तर बोलणी बदलांवर आली होती. नाक आखूड करायचं? करा. काच काढायची? काढा. लाल पट्ट्याऐवजी निळा? सर म्हणाले, हवं तर मोर काढा. वरच्या सौंदर्यावर सर इतक्या सहज पाणी सोडत होते की मी निर्धास्त झालो. मग तो माणूस म्हणाला, "आणि तळ वीस अंशांवर आणू. चोवीसला वेग मरतो. गिऱ्हाईक वेगासाठीच घेतं."

"तळ नाही," सर म्हणाले.

त्याने परोपरीने समजावलं. चार अंश म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत. सर ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि शेवटी त्याला त्यांनी वाडीच्या फाटकापर्यंत पोचवलं. सोबत केळीचा घड दिला.

मी भडकलो होतो. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि चार अंशांसाठी आलेल्या माणसाला केळी देऊन वाटेला लावलं? हा निव्वळ हेका आहे, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. सर आत जाऊन ती खड्ड्यांची वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

त्यात खड्डे नव्हते. म्हणजे होते, पण फक्त पत्त्यापुरते. चर्चसमोर: मोठी कळ. बाजाराच्या वळणावर: ओठ चावला. शाळेपुढे: बारीक कळ, पण हसली. रिक्षा कुठे किती आपटली आणि कात्रीनबाईंच्या पाठीला ते किती लागलं, याची पानंच्या पानं नोंद होती. त्यांची पाठ जसजशी बिघडत गेली, तसतसे समासात अंश वाढत गेले होते. सोळा. अठरा. वीस. शेवटच्या पानावर खड्डा नव्हता, फक्त सरांनी मांडलेला हिशोब होता: चोवीस, कळ नाही.

"वीसला तिला खाडीच्या तोंडाशी लागतं," सर म्हणाले. "तिथे लाट उभी असते. सपाट नाही करता येणार. तिला सोसत नाही."

सोसत नाही, म्हणाले. सोसत नव्हतं, असं नव्हे. मी वही मिटून त्यांना परत दिली आणि घरी येऊन कंपनीला नकार कळवला. ते पत्र लिहायला मला दुपार लागली.

बोट अजून आंब्याखाली पालथीच आहे. परवा माणिकपूरहून आम्ही दोघं रिक्षाने येत होतो. सर मांडीवरच्या दुधीचा तळ न्याहाळत मला त्याचे दोष सांगत होते. चर्चसमोरचा खड्डा जवळ आला, आणि बोलता बोलताच त्यांनी डावा हात उचलून शेजारच्याच्या पाठीमागे धरला, धक्का लागू नये म्हणून. शेजारी मी होतो. रिक्षा आपटली, मला काही लागलं नाही. सरांना कळलं की नाही कोण जाणे. हात मात्र त्यांनी घर येईपर्यंत काढला नाही, आणि मीही टेकून बसलो.