मोघ्यांचा तक्ता

शेजाऱ्याचा खाजगी कागद मी सोसायटीच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवला. चूक माझीच. पण कागदही तसाच होता.

मोघे आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. मी सेक्रेटरी. फळ्यावर सूचना लावली की तासाभरात तिच्यावर लाल शाई उमटते आणि खाली दोनच शब्द : 'पुन्हा बघा.' माझ्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा अशीच परत आली होती. खुद्द मोघ्यांची चूक मात्र आजवर कोणी काढलेली नाही.

अशा माणसाच्या घरातून रोज सकाळी घशात काटा अडकल्यासारखे आवाज यायला लागले.

"खाकरणं इतकं वेळेवर नसतं," मी बायकोला म्हणालो.

"मग विचारा की जाऊन."

विचारायचं, तर मग शोध कसला?

पुढे जिन्यात तो कागद सापडला. लाल शाई, उभ्याआडव्या चौकटी. 'मी–तुला : का. आम्ही–त्यांना : दि. ते–आम्हाला : नु.' खाली : 'बोलू शकणारे : पू. अवयव : दू. बाकी सगळे : मे.' तेव्हा रीडेव्हलपमेंटवरून सोसायटीत दोन तट पडले होते. कोण बोलणार, कोण गप्प बसणार, याची ही बिल्डरसाठी केलेली यादी, हे मला स्वच्छ दिसलं. 'अवयव' वाचून तर मी दाराला दुसरी कडी घातली.

रविवारच्या सभेत मी कागद वाचला. "खुलासा करा, मोघे."

"नंतर करतो. आता घरी जाऊ द्या, फोन यायचाय."

"इथंच घ्या की!" मी दार अडवलं.

"चारचौघांत जमायचं नाही मला. सरका हो! आठवड्यातून एकदाच येतो. नाही उचलला, तर ती पुन्हा करत नाही."

तेवढ्यात खिशातला फोन वाजलाच. मोघ्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि तेच खरखरीत आवाज काढले. पलीकडे एक पोरगी खळखळून हसली.

"आजोबा, चुकलं! पुन्हा बघा!"

"चुकलो," मोघे म्हणाले. "सांग परत."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

फोन संपल्यावर ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "नात. मुलगा-सून वेगळे झाल्यापासून आईकडे असते, नाशिकला. मराठीत काही विचारलं की नुसतं 'हं' म्हणते. ही क्लिंगॉन. पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी रचलेली भाषा. ती शिकली, म्हणून मीही. कोणी कोणाला, हे क्रियापदाच्या आधीच्या एका अक्षरात बसतं. अनेकवचनं तीन. बोलणाऱ्यांचं वेगळं, अवयवांचं वेगळं." मग हात पुढे केला. "कागद द्या. 'आम्ही–त्यांना'पाशीच अडतो मी अजून."

मी दिला.

मागच्या खुर्चीवरून बायकोचा आवाज आला, "ते या वयात परग्रहावरची भाषा शिकले. तुम्हाला एक जिना चढून मराठीत विचारता आलं नाही?"