बिनवासाची गाडी

"मोटर पाण्याची हाय का गिरणीची?" भिंतीला भोक पाडता पाडता गुंडू वायरमननं पुन्हा विचारलं.

"गाडीची," संगमेश पुन्हा म्हणाला.

"म्हंजे गाडी काय भिताडाला बांधून चालवणार व्हय?"

संगमेशनं डोळे मिटले. हल्ली तो उत्तर देण्याआधी डोळे मिटत असे. विजेवर चालणारी गाडी येणार ही बातमी शुक्रवार पेठेतल्या त्याच्या बोळात फुटल्यापासून त्याला दुकानात जाताना, येताना, दाढी करताना आणि एकदा तर दवाखान्यात जीभ बाहेर काढलेली असतानाही लोकांनी तेच विचारलं होतं. ॲव्हरेज किती? पिकअप हाय का? पावसात शॉक बसतोय का? लक्ष्मीपुरीतलं त्याचं भुसार मालाचं दुकान, तिथं तर गिऱ्हाईक ज्वारीचा भाव राहू दे म्हणायचं आणि गाडीचं विचारायचं. लोडशेडिंगनं मेणबत्तीवाल्यांचे दिवस आलेले असताना विजेची गाडी घेणारा माणूस डोक्यानं ठीक असेल का, हे ज्याला त्याला तपासून बघायचं होतं.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. ते कारण आत, खिडकीशी बसून लसूण सोलत होतं.

संगमेशची आई, चन्नम्मा, म्हणजे घरातली अव्वा, गेली कित्येक वर्षं कुठल्याच गाडीत बसली नव्हती. एकदा शिरोळला जाताना एसटीत तिला उलटी झाली, आणि ती नेमकी पुढच्या बाकावरच्या पावण्याच्या कोऱ्या पटक्यावर. पावणा पोरगी बघायला निघाला होता. गाडीत जो कालवा झाला तो विचारू नका. तेव्हापासून एसटी बंद, रिक्षा बंद, कुणाची जीप दारात आली तरी अव्वा मागच्या दारानं शेजारी जाऊन बसायची. "डिझेलचा वास तिला सोसत न्हाय," असं घरानं ठरवून टाकलं आणि अव्वानंही मान हलवली. देवळाला चालत, बाजाराला चालत, लग्नकार्याला चालत जाता आलं तर, नाहीतर नाही.

यात अडलं कुणाचं? तर शिरोळच्या गंगव्वाचं. गंगव्वा अव्वाची धाकटी बहीण, तिची तंगी. ती वर्षातून दोनदा यायची, भेट व्हायची. पण दिवाळीच्या तोंडावर ती गोठ्यात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. आता दोघी रोज फोनवर बोलायच्या. दोघींनाही कमी ऐकू येई, त्यामुळं बोलणं म्हणजे "जेवलीस काय?" "आं?" "जेवलीस काय गं?" एवढंच. फोन ठेवला की अव्वा पदरानं रिसीव्हर पुसायची आणि गप्प बसून राहायची. म्हणून वर्तमानपत्रात 'धूर नाही, वास नाही' अशी जाहिरात दिसताच त्यानं बंगळूरला फोन लावला होता. तिकडच्या माणसानं जादा दमाचं नवं मॉडेल आलंय, पिकअप बघून थक्क व्हाल, असं बरंच ऐकवलं. संगमेशनं एकच विचारलं, "वास येत न्हाय न्हवं?"

गाडी शुक्रवारी सकाळी ट्रकवरून येणार होती. रविवारी अव्वाला घेऊन शिरोळ. एकदा नीट चार्ज झाली की तिथवर पोचते, परतीसाठी तिकडं पुन्हा लावायची. सगळं साधं होतं. हंबीररावांना कळेपर्यंत साधं होतं.

हंबीरराव शेजारी. मांडव, खुर्च्या, भोंगे आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. माणूस मोठ्या मनाचा, आवाज त्याहून मोठा.

"शेट, गाडी आवाज करत न्हाय म्हनं?"

"न्हाय करत."

"मग लोकांस्नी कळणार कसं तुमी गाडी घेतली? गप घेतली तर घेऊन उपेग काय? पुढं हलगी लावू. गाडीचा आवाज न्हाय तर न्हाय, हलगीचा तर येऊ दे!"

"हंबीरराव, हलगी नको."

"बरं, जोतिबाचा गुलाल तरी? नवी गाडी डोंगरावर न नेता दारात ठेवायची म्हंजे..."

"घाटानं बॅटरी उतरते. तुमीच गुलाल आणा."

तेवढं कबूल केलं आणि संगमेशचा जीव थकला. हंबीररावांना एक गोष्ट दिली की त्यांना चार सुचत. दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी मांडवाचे खांब पडले. मांडव आला म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्या दिसल्यावर भाऊबंदांना कळवणं आलं, आणि भाऊबंद यायचे तर नुसत्या पेढ्यावर भागत नाही, म्हणून शांभवीनं, संगमेशच्या बायकोनं, शेंगापोळ्यांना बसायचं ठरवलं.

"अवं, मला एक सांगा," ती पिठाच्या हातानं बाहेर येऊन म्हणाली, "ही गाडी येत्या का सून?"

गुरुवारी गुंडूचं काम संपलं. चार्जिंगचा जाडजूड प्लग अव्वाच्या खिडकीखाली बसला, कारण गाडी उभी करायला जागा तिथंच होती. गुंडूनं बटण दाबलं. काही झालं नाही.

"लाईट गेल्या," गुंडू म्हणाला.

"कधी येणार?"

"हितं सकाळी जात्या, सांच्याला जात्या. मधी कधी येत्या ते त्यांचं त्यांनाबी ठावं नसतंय. शेट, ट्रकवरनं येणारी गाडी उपाशी असती. उद्या पावणंमंडळी बसलेली, गाडी दारात, आणि जागची हलंना, तर?"

संगमेशनं उत्तर द्यायच्या आतच हंबीरराव कुंपणावरून वाकले. "जनरेटर लावू की! माझा मोठा हाय, यात्रंत पाळणं फिरवतोय त्यो. तुमची गाडी काय जड हाय त्याला? आताच ट्रायल घेऊ."

संगमेश 'नको' म्हणणार होता. पण मागचे सगळे दिवस तो 'नको'च म्हणत आला होता, आणि त्याच्या 'नको'नं आजवर एक खुर्चीसुद्धा परत गेली नव्हती. तो नुसता पायरीवर बसला.

जनरेटर आला. हातगाडीवरून, चार माणसांनी ढकलत. प्लगजवळ ठेवायला हवा म्हणून खिडकीखालीच ठेवला. गुंडूनं त्याची वायर घराच्या लाईनीला जोडली, हंबीररावांनी हँडल मारलं. त्या यंत्रानं आधी खोकून घेतलं, मग सगळा बोळ थरथरला, आणि एक काळाकुट्ट लोट सरळ अव्वाच्या खिडकीतून आत गेला. घरातले दोन दिवे फटाफट फुटले. मिक्सर आपोआप फिरू लागला आणि शांभवी किंचाळली. हंबीरराव आनंदानं ओरडत होते, "बगा! पावर बगा!"

"बंद करा! अवो बंद करा!" संगमेश आत धावला.

उशीर झाला होता. अव्वा मोरीशी बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शांभवी पाठ चोळत होती.

"अय्यय्यो! संगू," अव्वा धापा टाकत म्हणाली, "हीच न्हवं तुझी बिनवासाची गाडी?"

"अव्वा, ही गाडी न्हवं. ती गाडी उद्या येत्या. हा तिला चालवायचा जनरेटर."

"म्हंजे तिच्या पोटात हाच धूर जाणार न्हवं?"

अव्वानं तोंड पुसलं, फोनपाशी गेली आणि संगमेशलाच शिरोळचा नंबर फिरवायला लावला.

"गंगे, मी येत न्हाय गं."

"आं?"

"येत न्हाय म्हटलं! गाडी वासाची निघाली!"

पलीकडून यावेळी दुसऱ्यांदा 'आं' आलं नाही. रडण्याचा बारीक आवाज आला. अव्वानं रिसीव्हर पुसला नाही, तसाच ठेवला. संगमेश बाहेर येऊन हंबीररावांना म्हणाला, "ते यंत्र घेऊन जावा." आवाज चढवला नव्हता. पण हंबीररावांनी लगेच माणसं बोलावून हातगाडी वळवली.

शुक्रवारी गाडी आली. ट्रकवरून उतरली तेव्हा मांडवातल्या मंडळींचे चेहरे पडले.

"एवढीशी?"

"पिल्लू हाय व्हय हे? हिची आई मागनं येत्या काय?"

पूजा झाली, गुलाल उधळला, गाडी ढकलून चाकाखाली लिंबू चिरडलं. शेंगापोळ्या मात्र सगळ्यांनी मोठ्या गाडीच्या बेतानं खाल्ल्या. भाऊबंद ढेकर देत, "बॅटरीचं काय खरं न्हाय बगा," असं सांगून पांगले. दुपारी वीज आली, सगळ्यांना आश्चर्य वाटेल इतका वेळ टिकली, आणि गाडी भरून तयार झाली.

रविवारी सकाळी संगमेश अव्वापुढं बसला. "अव्वा, एकदा बस. नुसतं बोळाच्या तोंडापर्यंत. वास आला तर मी गाडी परत धाडतो. गंगव्वा मावशी वाट बघत्या गं. मला तुझं ते फोन ठेवून गप बसणं बघवत न्हाय."

अव्वा उठली, चपला घातल्या, बाहेर आली आणि गाडीभोवती फिरली. बॉनेट हुंगलं. चाक हुंगलं. मागून वाकून हुंगलं. हंबीरराव कुंपणावरून मान काढून बघत होते. अव्वा आत बसली, शांभवीनं दार लावलं, संगमेशनं गाडी सुरू केली.

"कवा चालू करणार?" अव्वानं विचारलं.

"चाललीया की. ते बग, हंबीररावांचं घर मागं गेलं."

अव्वा चकित झाली. खरंच वास नव्हता. डिझेल नाही, धूर नाही. होता फक्त कोऱ्या रेक्झिनचा, कोऱ्या प्लास्टिकचा आणि झेंडूच्या शिळ्या हाराचा वास, काचा बंद असल्यामुळं चांगला कोंडलेला. बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत अव्वाच्या कपाळाला घाम फुटला, आणि "संगू, थांब" म्हणेस्तोवर नव्या सीटचं व्हायचं ते होऊन गेलं.

संगमेशनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सगळा बोळ बघत होता. वायरिंग, मांडव, पोळ्या, धूर, सगळं या एवढ्यासाठी झालं होतं. त्याला रडू येत होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता. शांभवी तांब्या आणि फडकं घेऊन धावत आली. अव्वानं चूळ भरली, तोंड पुसलं, सीट स्वतःच्या हातानं पुसली, काच खाली करायला लावली आणि पुन्हा बसली.

"चल," ती म्हणाली.

"घरी?"

"घरी कशाला? शिरोळला."

"अव्वा, अगं उलटी झाली न्हवं तुला?"

"झाली की. मला एकदाच होत्या. मग दिवसभर काय होत न्हाय."

संगमेशनं हळूहळू डोकं वर केलं. "मग इतकी वर्सं गाडीत का बसली न्हाईस?"

"दुसऱ्याच्या गाडीत घाण करायची व्हय?" अव्वा चिडली. "त्यो पावणा काय काय बोलला मला, भरल्या गाडीत! कंडक्टर बोलला, बायका नाकाला पदर लावून बसल्या. मेल्याहून मेल्यागत झालं. तवाच ठरीवलं, आपली गाडी असल तरच बसीन. आपल्या गाडीत वकलं तर कोण बोलणार हाय?"

"म्हंजे... कुठलीबी चालली असती? आपली एखादी जुनी जीप असती तरी?"

"व्हय की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी समदी म्हणालासा, वासानं होतंय. मी म्हटलं, असल." अव्वानं पदर नीट केला. "मला कुणी इचारलं?"

संगमेशनं नेहमीसारखे डोळे मिटले. मागून, कुंपणावरून हंबीररावांचा आवाज आला, "काय झालं ओ शेट? बंद पडली काय?"

"न्हाय बंद पडली," अव्वाच ओरडून म्हणाली. "आमी शिरोळला चाललोय. संगू, तू काय झोपतोस व्हय? तंगी वाट बघत्या तिकडं, हाण गाडी!"